माईला बटण नाही

डबा फळीवरून खाली काढला सूनबाईने, कारण घरात तेवढा हात तिचाच पोचत होता. पुढे जे झालं त्यात आपला भाग एवढाच, असं ती नंतर बरेच दिवस सांगत राहिली. ते खरं नव्हतं.

रविवार होता. दुकानाचं शटर बंद होतं आणि मागच्या कामाच्या खोलीत कापायचं मोठं टेबल रिकामं केलं होतं. खडूची पावडर पुसलेली, कात्र्या खिळ्यांवर, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कोट दांडीवर एका बाजूला सरकवलेले. बाह्या नसलेले ते कोट बैठकीला आलेल्या पण मत नसलेल्या नातेवाइकांसारखे दिसत होते.

डब्याचा नियम मास्तरांच्या वडिलांनी घातला होता. दुकानातले कारागीर एकमेकांशी भांडू लागले की ते बिस्किटांचा रिकामा डबा पुढे ठेवायचे. पांढरं बटण म्हणजे हो, काळं म्हणजे नको. मूठ बंद करून हात आत घालायचा आणि कोणी कोणाला विचारायचं नाही. ज्याच्याबद्दल कौल असेल त्याला बटण नाही. अंगावर कोट असलेल्या माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, असं त्यांचं कारण होतं. दुकानातून डबा कधी घरात आला ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याने घरात मोटारीचं शिवणयंत्र आणलं, धाकटीला दुकान सोडून रेडिओवर बातम्या वाचायला पाठवलं, आणि आत्याचं दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढण्याचं स्वप्न एका दुपारी मिटवलं. तिलाही त्या दिवशी बटण नव्हतं.

आजचा प्रश्न होता मास्तरांच्या बायकोने, म्हणजे माईने, पुन्हा केमो घ्यायची का.

पहिल्यांदा अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा डब्याची आठवणही कोणाला झाली नव्हती. पोट उघडून निघेल तेवढं काढलं, मग प्लॅटिनमच्या औषधाचं सलाईन, मग केस गेले, केस आले. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा तेच प्लॅटिनमचं औषध पुन्हा दिलं. या वेळी मात्र औषध संपून काही महिने होतात न होतात तोच तो उगवला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. प्लॅटिनमचा आता फारसा उपयोग नाही. दुसरी औषधं आहेत, पण ती रोग घालवणार नाहीत. काही जणींत त्याला काही काळ थोपवतात, बऱ्याच जणींत तेवढंही जमत नाही. केमो न घेता फक्त त्रास आटोक्यात ठेवायचा, असाही मार्ग आहे.

"म्हणजे इतकी वर्षं अंगात प्लॅटिनम घेऊन हिंडले," माई म्हणाली होती, "आणि मोडीत घालायलासुद्धा निघालं नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. घरचं कोणी हसलं नाही. माईने ते लक्षात ठेवलं.

*

थोरला दुकानाचा पुढचा भाग सांभाळायचा. गिऱ्हाईक आत शिरलं की ते काय घेऊन बाहेर पडणार हे त्याला आधी कळतं, अशी त्याची ख्याती होती. घरच्या माणसांबाबत हा अंदाज आजवर एकदाही बरोबर आला नव्हता.

"चार पांढरी नक्की," तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला. "तू, मी, बाबा आणि आत्या. धाकटीचं एक काळं पडेल. पडू दे."

"आत्यांचं पांढरं कशावरून?"

"आत्याला वाटतं माईला औषध नकोय. म्हणून ती हो टाकणार, निव्वळ खोडसाळपणाने. कधीतरी त्याचाही उपयोग होतो."

"आणि माईंना हवंय?"

"मला स्वतः म्हणाली. घेते रे, तू म्हणतोस तर घेते. हात धरून म्हणाली."

सूनबाई हातातला कप पुसत राहिली. कप मघाशीच कोरडा झाला होता. माईने तिचाही हात धरला होता. मला नको गं आता, पण थोरल्याला सांगू नकोस, तो कोसळेल, असं म्हणाली होती. सूनबाई शाळेत शिकवायची आणि दिलेला शब्द मोडणाऱ्या मुलांना तिच्या वर्गात क्षमा नव्हती. तिने तो कप जागेवर ठेवला आणि दुसरा कोरडा कप पुसायला घेतला.

थोरला खुर्च्या मांडायला गेला आणि मागच्या दाराने धाकटी आली. ती नेहमी उशिरा यायची आणि आल्यावर बाकीच्यांनाच उशीर झाल्यासारखं वागायची.

"वहिनी, तू पांढरं टाकणार हे मला माहितीये," ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली. "मी वाद घालायला आलेली नाही. मी काळं टाकणार, एवढंच सांगते."

"हळू बोल."

"का? त्यात चोरी कसली?"

"मी पण काळंच टाकणार आहे."

धाकटीने वहिनीकडे नीट पाहिलं. पडद्यांच्या रंगापासून मुलांच्या शाळेपर्यंत या दोघींचं एकमत होण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, आणि आता आला तर काय करायचं हे दोघींनाही सुचेना.

"तुलाही सांगितलं तिने?"

"हात धरून."

"माझा गाल धरला होता," धाकटी म्हणाली. "म्हणजे मला जास्त सांगितलं."

*

सगळे टेबलाभोवती बसले. टोकाला मास्तर, गळ्यात नेहमीप्रमाणे टेप. रविवारी ती काढावी असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या उजवीकडे त्यांची मोठी बहीण, म्हणजे मुलांची आत्या. माई टेबलाशी नव्हती. ती खिडकीपाशी उजेडात स्टुलावर बसून एका काळ्या कोटाला काजं करत होती.

दुकानाचं नाव त्या काजांवर चालायचं. पहिल्या वेळच्या औषधांनी माईच्या बोटांच्या टोकांची जाणीव नेली होती आणि ती अर्धीच परत आली होती. सुई बोटात शिरली तर रक्त दिसल्यावरच तिला कळायचं. तरी ती काजं हातानेच करायची, बोटांचं काम डोळ्यांवर घालून.

"कोणीतरी तिला विचारा," आत्या टेबलाला म्हणाली, "पाठीला उशी हवी का."

"कोणीतरी सांगा," माई कोटाला म्हणाली, "उशी आहे."

या दोघी कित्येक वर्षं अशाच बोलत आल्या होत्या. भांडण कशावरून झालं होतं ते दोघींनाही धड आठवत नव्हतं, पण माघार घ्यायची नाही हे पक्कं आठवत होतं. मुलं लहान असताना निरोप्याचं काम करायची. मोठी झाल्यावर त्यांनी ते सोडलं, तेव्हा भिंती आणि भांडी कामाला लागली.

थोरल्याने पहिलं बटण टाकलं आणि सगळ्यांकडे बघून घेतलं. सूनबाईने कोणाकडेच न बघता टाकलं. धाकटीने झटक्यात टाकलं. आत्याने हात वर धरून, जादूगारासारखा उलटसुलट दाखवून मग आत घातला. मास्तरांचा हात डब्यात इतका वेळ राहिला की तो अडकला असं थोरल्याला वाटलं.

"बाबा?"

"झालं," मास्तर म्हणाले आणि हात बाहेर काढला.

मधेच माई दोऱ्याचं रीळ घ्यायला टेबलाशी येऊन गेली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तिला बटण नव्हतं.

सूनबाईने डबा टेबलावर उपडा केला. तीन पांढरी बटणं, तीन काळी, आणि पँटच्या कमरेला लावतात तसला एक मोठा हूक.

"माणसं पाच," सूनबाई म्हणाली, "आणि वस्तू सात. आमच्या शाळेत असं झालं तर परीक्षा रद्द होते."

"पांढरी तीनच कशी?" थोरला म्हणाला. "चार हवीत."

"काळी तीन कशी?" धाकटी म्हणाली. "दोनच हवीत."

"दोन? तुझं एक. दुसरं कोणाचं?"

धाकटीने ओठ मिटले. थोरल्याची नजर टेबलाभोवती फिरली आणि बायकोपाशी येऊन थांबली.

"तू?"

"मला माईंनी सांगितलं होतं. नको म्हणाल्या."

"मला हो म्हणाली."

"मला पुरे म्हणाली," धाकटी म्हणाली. "गाल धरून."

मग सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. माईने दातांनी दोरा तोडला.

"माई, काय चाललंय हे?"

"कौल चाललाय ना तुमचा? मला कशाला विचारता. मला बटण नाही."

"हा हूक कोणाचा?"

"हूक म्हणजे बटण नव्हे. मी नियम मोडलेला नाही."

"तू तिघांना तीन गोष्टी सांगितल्यास," थोरला म्हणाला.

"तिघांना दोन. तिसरी होतीच कुठे? तुझ्या बाबांना तर दोन्ही सांगितल्या."

मास्तर टेपचं टोक गुंडाळत होते. ते उलगडून पुन्हा गुंडाळू लागले.

"पण का?"

"बघायचं होतं." माईने कोट मांडीवर उलटला. "गिऱ्हाईक नाही का दोन कोट आलटून पालटून घालून आरशासमोर उभं राहत, तसं. मला कुठला बसतो ते माझं मला कळेना. तर म्हटलं, यांच्या तोंडावर बघू."

"मग? कुठला बसला?" धाकटी म्हणाली. बातम्यांतला तिचा आवाज या प्रश्नाला पुरला नाही.

"कुठलाच नाही. तुला नको म्हटलं तर तू लगेच रडायला लागलीस. याला हो म्हटलं तर हा हॉस्पिटलला फोन लावायला पळाला. सूनबाईने तर माझ्या खाटेवर नव्या चादरी घातल्या, जशी काही मी संध्याकाळच्या गाडीने चाललेय. तुम्हाला सगळ्यांना उत्तराची घाई. माझा प्रश्न काय आहे ते एकानेही विचारलं नाही."

"काय प्रश्न आहे?"

माईने सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हीच सांगा यांना."

मास्तरांच्या हातातून टेप सुटली. धाकटीने भावाचा दंड धरला. माईने आत्याला तोंडावर हाक मारलेली या खोलीतल्या कोणी कैक वर्षांत ऐकली नव्हती, आणि आत्याने तिला साधं "हो, सांगते" असं उत्तर दिलं, तेव्हा तर बटणांची कोणाला आठवणही राहिली नाही.

*

गुरुवारी सकाळी माई आत्याच्या खोलीच्या दारात उभी राहून भिंतीला म्हणाली होती की रडणार नसेल असं कोणी हॉस्पिटलला सोबत हवं आहे. आत्याने भिंतीला सांगितलं, चपला घालते.

टॅक्सीत दोघींनी ड्रायव्हरला धारेवर धरलं. "तिला सांगा, खिडकी लाव, वारा लागेल." "त्यांना सांगा, मला वारा हवाय." ड्रायव्हरने दोन चौकांपर्यंत निरोप पोचवले आणि मग आरसा फिरवून ठेवला. डॉक्टरीणबाईंसमोरही तेच सुरू झालं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता ना?"

"ओळखते म्हणूनच," आत्या म्हणाली.

पण मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते, आणि माई गप्प झाली. तिने हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. आत्याने थोडी वाट पाहिली. रिकामी शांतता तिला सोसत नसे.

"हिच्या बोटांचं काय होईल ते सांगा," ती म्हणाली. "ही हाताने काजं करते. दुसरं हिला काही येत नाही."

हे वाक्य तिने भांडणासाठी म्हणून बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ते आता त्या कामाचं राहिलेलं नाही.

हे सगळं तिने टेबलाशी सांगितलं, फक्त शेवटचा भाग गाळून.

"तर ऐका," ती म्हणाली. "औषधं दोन. एक दर आठवड्याचं. ते पहिल्यांदा प्लॅटिनमच्या जोडीला दिलं होतं त्याच जातीचं, त्यानेच बोटं गेली होती. आता पुन्हा घेतलं तर उरलीसुरली जाणीवही जाईल, आणि परत येईल असं नाही. दुसरं चार आठवड्यांनी एकदा. लाल रंगाचं सलाईन. त्याने तळहात तळपाय लाल होतात, सोलतात, तोंड येतं. पण थांबवलं की कातडी बहुतेक भरून येते, आणि फार झालं तर औषधाचं माप कमी करता येतं."

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?" थोरला म्हणाला.

"कुठे सांगू? तुझ्या डब्यात रंग दोनच."

"पण जास्त लागू कुठलं पडतं?"

"हिच्या बाबतीत दोन्ही सारखीच, म्हणाल्या."

"सारखी म्हणजे किती?"

आत्याने बटणं हाताने एका ढिगात लोटली. "कमी," ती म्हणाली. "दोन्हीकडे कमी."

हा शब्द प्रत्येकाला ठाऊक होता. मोठ्याने म्हणायचं काम आजवर कोणी अंगावर घेतलं नव्हतं. थोरला उठला, दांडीपाशी गेला, नीट असलेला एक कोट नीट करू लागला.

"एवढं काजांसाठी?" तो तिकडूनच म्हणाला. "समज, आठवड्याचं औषध थोडं जरी सरस निघालं तरी? काजं मशीनवर होतात, माई."

"नाही होत," मास्तर म्हणाले.

कौल सुरू झाल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. थोरल्याने कोट सोडला.

"ऐकलंस?" माई म्हणाली. "आता माझं ऐका, आणि मधे बोलू नका. मी लाल घेणार. दोन वेळा. मग स्कॅन. रोग वाढलेला दिसला तर थांबायचं. तो आहे तिथे थांबलेला दिसला तर तिसरं घेईन. दोन्ही वेळा हा डबा फळीवरून खाली येणार नाही."

"आणि मधेच तुला नको वाटलं तर?" धाकटीने विचारलं.

"तर सांगेन."

"कोणाला?"

"सगळ्यांना. एकदाच, आणि एकच."

"समोर बसवून," सूनबाई म्हणाली. "हात न धरता."

"गालही," धाकटी म्हणाली.

या दोघींचं एकाच दिवसात दुसऱ्यांदा एकमत झालेलं बघून माईला हसू आवरेना. हसताना पोट दुखलं म्हणून तिने ते हाताने दाबून धरलं, तरी हसतच राहिली.

"अजून एक," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनी पहाटे उठून माझी काजं उसवायची आणि पुन्हा करायची, हे आजपासून बंद."

"दोनच केली," मास्तर म्हणाले.

"पाच. तुमचा टाका डावीकडे झुकतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं. मी मुद्दाम एक वाकडं करून ठेवलं होतं, ते मुद्दाम आहे हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

"ते मला वाटलं, तू..." मास्तर थांबले.

"हां. तेच वाटायला नको म्हणून सांगतेय."

*

चहाच्या निमित्ताने बाकीचे स्वयंपाकघरात गेले. माईने कोणाला किती सांगितलं यावरून तिथे नवी फळी तयार होत होती. सूनबाई आणि धाकटी एका बाजूला, थोरला एकटा, आणि आत्या आलटून पालटून दोन्हीकडे, कारण आज पहिल्यांदाच तिच्याकडे बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती होती आणि ती एकदम संपवायची तिची तयारी नव्हती.

कामाच्या खोलीत मास्तर बटणं डब्यात भरत होते.

"अहो," माई म्हणाली. "तुम्ही दोन टाकलीत."

"हं."

"दोन टाकायची नसतात."

"पांढरं माझं होतं."

"आणि काळं?"

"तुझं." त्यांनी झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं. "तुला बटण नव्हतं. म्हटलं, कोणीतरी टाकायला हवं."

स्वयंपाकघरातून थोरल्याचा आवाज आला, मग तिघींचा एकदम.

"माझं काळंच असणार हे तुम्ही कसं ठरवलंत? मंगळवारी पुरे म्हणाले, ते खरं. पण बुधवारी तर घेते म्हणाले होते. एवढं छान म्हणाले होते."

"बुधवारी तू माझ्या डोळ्यांत बघून बोललीस," मास्तर म्हणाले. "खोटं बोलताना तू बघतेस. मंगळवारी भिंतीकडे तोंड होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. माईच्या मनात मागची बरीच वर्षं भराभर चाळली गेली, कुठे कुठे आपण पकडले गेलो असू याचा अंदाज घेत. यादी लांबली तशी तिने ती सोडून दिली. मग ती स्टुलावर वळली आणि दांडीवरच्या बिनबाह्यांच्या कोटांकडे बघत म्हणाली, "उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करा. घेणार आहे म्हणून सांगा. मला अजून बघायचंय काय काय होतं ते."

मास्तरांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. ती वळली नाही.

"करतो," ते म्हणाले.